पॅनेलवरची चुन्याची डबी

निवृत्त वीज अभियंत्याला लोक दोन कामांसाठी बोलावतात. शेजाऱ्याच्या मीटरमधून धूर निघाला की, आणि एखाद्या महाविद्यालयात ‘नेतृत्वगुण’ या विषयावर दुसरा वक्ता मिळाला नाही की. पहिल्या कामाला मी लगेच निघतो. दुसऱ्या ठिकाणी मुलं वह्या उघडून बसतात, समोर पाण्याचा ग्लास ठेवलेला असतो आणि मी विश्वास, संवाद, संघभावना असे शब्द बोलत राहतो. जे खरं सांगायला हवं ते तिथं सांगता येत नाही, कारण त्याची सुरुवात तंबाखूपासून होते. म्हणून ते इथं लिहितो.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या बाजूला कनिष्ठ अभियंता होतो. वय सव्वीस. हाताखाली तेरा माणसं, त्यातली अकरा माझ्यापेक्षा वयानं मोठी. मी मूळचा बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीचा. वडील प्राथमिक शिक्षक, आमच्या घरातले पहिले पगारदार. माझ्या नेमणुकीच्या पत्राची त्यांनी तसबीर करून घेतली आणि ती बुद्धाच्या तसबिरीशेजारी, पण दोन बोटं खाली, लावली. निघताना मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं आणि म्हणाले, “जपून. आपल्या माणसाची चूक लोक दुप्पट मोजत्यात.” मी ते फार मनावर घेतलं. इतकं, की चूक न करण्यापेक्षा चूक कबूल न करण्याचाच सराव जास्त झाला.

आता थोडं कामाविषयी. बाहेरच्या माणसाला वाटतं, वीज बटणातून येते. ती येते उपकेंद्रातून. उपकेंद्रात मोठ्या दाबाची वीज येते, ती तिथं कमी दाबाची करून चार-पाच वाटांनी गावांकडं पाठवतात. अशा एका वाटेला आम्ही फीडर म्हणतो. प्रत्येक फीडरचं भिंतीशी उभं एक लोखंडी कपाट असतं, ते पॅनेल. पॅनेलवर एक हँडल. ते एकीकडं फिरवलं की लाइन मेली, दुसरीकडं फिरवलं की जिवंत झाली. ही भाषा आमच्या खात्याचीच आहे, मी लेखक झालो म्हणून सुचलेली नाही.

खांबावर चढायचं तर लाइनमन आधी उपकेंद्रात जातो. ऑपरेटर लाइन मारतो आणि त्या लाइनमनच्या नावावर काम करण्याची परवानगी वहीत लिहितो. तिला परमिट म्हणतात. काम संपलं की ज्याच्या नावावर परमिट, त्यानंच ते परत करायचं आणि मगच हँडल फिरवायचं. नियम सोपा आहे. पण मोबाइल नव्हते, खांब उसाच्या आणि केळीच्या रानात, उपकेंद्र पाच-सहा किलोमीटर लांब. मग वाटेतल्या कुणाकडून तरी निरोप पाठवायचा, ‘झालं म्हणावं’. किंवा आधीच ठरवून ठेवायचं की तीन वाजता चालू करा, तोवर आम्ही उतरलेले असू. अशा निरोपांनी आणि अशा घड्याळांनी आमच्या खात्यातली माणसं गेलेली आहेत.

आमच्या उपकेंद्रात दिवसपाळीला मारुतीतात्या ऑपरेटर होते. पन्नाशीचे, बारीक, बोलायला महाग. त्यांनी यावर स्वतःचा एक उपाय काढला होता. परमिट घेणाऱ्यानं आपली तंबाखू-चुन्याची डबी त्यांच्याकडं ठेवायची. तात्या ती त्या फीडरच्या हँडलवरच्या पट्टीवर मांडून ठेवत. डबी पट्टीवर आहे तोवर हँडलला हात लावायचा नाही. कारण साधं होतं. लाइनमन निरोप दुसऱ्याच्या हाती पाठवेल, सही दुसऱ्याला करायला सांगेल, पण तंबाखूवाचून दोन-तीन तास काढल्यावर डबी घ्यायला मात्र तो स्वतःच येतो. तंबाखू न खाणारा एकच होता, संपत नावाचा वायरमन. तो कंगवा ठेवायचा. त्याच्या केसांकडं पाहिलं की तेवढं तारण पुरेसं आहे हे कळायचं.

मी रुजू झालो तेव्हा हे पाहून मला हसू आलं होतं. पुढं मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, हाताखालच्या माणसांना मार्ग दाखवण्याचं कौशल्य. शिकवणारे चांगले होते. त्यांनी सांगितलं की आज्ञा लेखी असावी, काम वेळेत बांधलेलं असावं, सगळ्यांना एकच नियम असावा. मी भराभर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचं व्याख्यान ऐकून घेण्याच्या कलेवर होतं. त्या वेळी मला झोप लागली. माझ्या वहीत त्या पानावर नुसतं शीर्षक आहे.

परत आल्यावर मी आठवडाभरात चार लेखी आदेश काढले. त्यातले दोन या हकिगतीपुरते महत्त्वाचे. पहिला, पॅनेलवर डब्या, कंगवे वगैरे वस्तू ठेवू नयेत. परमिट शाखा अभियंत्यानं, म्हणजे मी, फोनवर सांगितलं तरी परत झालं असं मानावं. दुसरा, एका परमिटवर एकच काम. जास्तीचं काम निघालं तर आदल्या दिवशी लेखी कळवावं. आदेश वाचून दाखवले तेव्हा तेराही जण मान हलवत होते. मी समजलो, पटलं. त्या भागात मान हलवण्याचे किती अर्थ होतात हे कऱ्हाटीच्या माणसाला माहीत असायला हवं होतं, पण मी तोवर साहेब झालो होतो. मी त्यांच्याशी पुस्तकी मराठी बोलायचो आणि तात्यांना तात्या न म्हणता ‘ऑपरेटर’ म्हणायचो.

पंधरा दिवसांनी उपकेंद्रात गेलो तर तात्यांच्या टेबलाच्या खणात तीन डब्या सापडल्या. मी मेमो दिला. मेमो म्हणजे लेखी ठपका. एक प्रत त्यांना, एक बारामतीच्या वरिष्ठ कार्यालयाला. तात्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सही केली. पुढच्या खेपेला गेलो तर डब्या पुन्हा पॅनेलवर. खणात ठेवायचं कारण लपवणं हे होतं आणि लपवायचं आता काही उरलं नव्हतं. दुसरा मेमो मी मनात लिहून ठेवला.

इथं आबांची ओळख करून द्यायला हवी. आबा आमचे ग्राहक. बावड्याच्या अलीकडं त्यांचा टोमॅटोचा आणि भेंडीचा बागायती मळा होता, घरी फोन होता. वीज गेली की इतर शेतकरी ऑफिसात येऊन शिव्या द्यायचे. आबा टोमॅटो घेऊन यायचे. टोपली माझ्या टेबलावर ठेवायची, “काल चार येळा गेली लाईट, साहेब. ही घ्या टमाटी,” एवढं बोलायचं आणि निघायचं. वीज जितकी जास्त जाई तितकी टोपली मोठी. ते टोमॅटो घशाखाली उतरत नसत. मी शिपायाला देऊन टाकायचो.

मार्चमधली दुपार होती. आबांच्या मळ्यापुढच्या एका खांबावर, तार ज्याच्यावर टेकते तो चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला होता. परमिट बापूरावांच्या नावावर. बापूराव म्हणजे आमचे सगळ्यात जुने लाइनमन, खांबावर चढताना गप्प आणि उतरल्यावर अखंड बोलणारे. सोबत संपत आणि मी. त्याच दिवशी चार वाजता बारामतीहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. सकाळी फोनवर मी त्यांना सांगून बसलो होतो, “तीनला लाइन चालू झालेली असेल, सर.” कुणी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं होतं.

अडीचला इन्सुलेटर बसला. बापूराव उतरले, सायकल घेतली आणि बांधाच्या वाटेनं निघून गेले. मी समजलो, परमिट परत करायला गेले. आम्ही लाइनवर टाकलेली साखळी काढून गुंडाळली. ही साखळी लाइनला जमिनीशी जोडते. चुकून कुणी वीज सोडलीच तर ती माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जाते. आमच्याकडं ती एकच होती.

बापूराव उपकेंद्रात पोचायची वाट पाहिली तर तीन वाजून जाणार होते. फोनवरून परमिट परत करता येतं असा आदेश होता, माझाच. मी आबांच्या घरी गेलो. फोन लागेना. चौथ्यांदा फिरवला तेव्हा तात्यांचा आवाज आला. दारात संपत उभा होता. “साहेब, पर बापू...” तो म्हणाला. मी हातानंच त्याला गप्प केलं, कारण आवाज मुळात बारीक येत होता.

“ऑपरेटर, काम झालं. लाइन चालू करा.”

“डबी हाय हितं.”

“मी शाखा अभियंता बोलतोय. परमिट परत केलं असं लिहा आणि चालू करा.”

“बापूची डबी हाय, साहेब. बापू आला की करतो.”

“मी आदेश देतोय तुम्हाला!”

“व्हय. पर डबी हाय.”

आणि फोन ठेवला गेला. कनिष्ठ का असेना, अभियंत्याचा फोन ऑपरेटरनं ठेवला. आबा खाटेवर बसून सगळं ऐकत होते, त्याचाही मला राग आला. मी मोटारसायकलला किक मारली. मागून संपत काहीतरी ओरडला. मी न वळता हात हलवला.

डांबरी रस्त्यानं सहा किलोमीटर. त्या सहा किलोमीटरांत मी दुसरा मेमो पूर्ण तयार केला, निलंबनाच्या शिफारशीसकट.

उपकेंद्रात पोचलो तेव्हा तात्यांनी स्टूल ओढून पॅनेलच्या बरोबर पुढं घेतलं होतं आणि त्यावर बसले होते. त्यांच्या डोक्याच्या वर, हँडलवरच्या पट्टीवर, बापूरावांची पितळी डबी.

“उठा,” मी म्हणालो.

“साहेब, पंधरा मिंटं थांबा.”

“माझ्यासमोर उतरलाय तो खांबावरून. साखळी मी काढलीय. आणखी काय पाहिजे? मी जबाबदारी घेतो, वहीत लिहून देतो.”

तात्या माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “जबाबदारी तुमी घ्याल, साहेब. डबी कोण घ्यायचं?”

मी हात पुढं केला आणि डबी उचलली. तिच्या झाकणावर खिळ्यानं ‘बापू’ कोरलेलं होतं. झाकणाच्या कडेला चुना वाळला होता. हे मला आजही दिसतं. त्या क्षणी माझं डोकं ताळ्यावर आलं असं लिहायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. डबी माझ्या डाव्या हातात होती आणि उजवा हात हँडलकडं निघाला होता. तात्या उठले आणि त्यांनी आपला तळवा हँडलवर पसरून ठेवला. जोर केला नाही, नुसता हात ठेवला. तो बाजूला करायचा तर मला त्यांच्या अंगाला हात घालावा लागला असता. वयानं माझ्या वडिलांएवढे होते. मी तेवढ्यासाठीच थांबलो. आम्ही दोघं असे किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, पण मी ते पाहिलं नाही.

बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. बापूराव आत आले, घामानं भिजलेले, हात पुढं केलेला.

“आण तात्या डबी. तोंड पार आंबून गेलंय.” मग डबी माझ्या हातात पाहून ते थबकले. “साहेब, तुमी कवा लागला तंबाखूला?”

ते कुठं होते हे त्यांनीच सांगितलं, उत्साहानं. फुटक्या इन्सुलेटरपासून दीड किलोमीटरवर एका खांबावरचा तारेचा जोड सैल झालेला त्यांनी सकाळी हेरून ठेवला होता. लाइन मेलेलीच आहे तर जाता जाता तोही आवळून टाकू, म्हणजे उद्या पुन्हा लोकांची वीज घालवायला नको. मला विचारलं नाही, कारण मी आदल्या दिवशीचा लेखी अर्ज मागितला असता. संपतला तेवढं सांगून गेले होते. “आत्ता उतारलो बगा, धा मिंटं झाली असत्याल.” म्हणजे मी उपकेंद्रात पोचलो तेव्हा ते खांबावरून नुकते उतरत होते, आणि मी फोनवर आदेश देत होतो तेव्हा दोन्ही हातांनी तार धरून होते.

तात्यांनी वहीत वेळ लिहिली, बापूरावांची सही घेतली आणि लाइन चालू केली. चारला मोठे साहेब आले. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, “तीनला म्हणाला होतात ना?”

मी म्हणालो, “ऑपरेटरनं जरा उशीर केला, सर.”

तात्या दोन हातांवरच चहाचे दोन कप घेऊन उभे होते. त्यांनी आधी मोठ्या साहेबांना कप दिला, मग मला. चहा मी प्यायलो. आयुष्यात लाज वाटावी अशा गोष्टी मी आणखीही केल्या आहेत, पण आज बसल्या बसल्या कान गरम होतात ते त्या चहाच्या आठवणीनं.

त्यानंतरचे आठ दिवस मी नियमित काम केलं. दुसरा मेमो लिहिला नाही आणि त्यालाच मी माझं मोठेपण समजत होतो. कुणी काही बोललं नाही. फक्त आबा आले, या वेळी टोपली न घेता. “माज्या फोनवरनं परत तसलं बोलू नका, साहेब,” ते म्हणाले. “माझी टमाटी वाळली तर म्या दुसरी लावीन.” आणि गेले.

नवव्या दिवशी सकाळी कामं वाटून द्यायला तेराही जण ऑफिसच्या पडवीत जमले. मी यादी काढली आणि वाचता येईना. मग मी यादी खाली ठेवली आणि बोललो. बोलताना लक्षात आलं की पुस्तकी मराठी सुटली आहे आणि कऱ्हाटीची बोली तोंडात आली आहे. “बापूराव, त्या दिवशी तुमी वर हुता आणि म्या लाईन चालू करा म्हणत हुतो. तात्यांनी करू दिली न्हाय. आन् म्या साहेबाम्होरं त्यांच्यावरच खापर फोडलं.”

बापूरावांनी डबी उघडली, बोटावर चुना घेतला, तळहातावर तंबाखू मळली.

“म्हाईत हाय, साहेब,” ते म्हणाले. “संपतनं त्याच सांजंला सांगितलं. समद्यास्नी म्हाईत हाय.”

“मग आठ दिस कुणी बोललं का न्हाय?”

“तुमी कवा बोलताय ते बगत हुतो.”

तेरा माणसं आठ दिवस माझ्याकडं बघत होती आणि मी समजत होतो की मी त्यांच्याकडं बघतोय. प्रशिक्षणातल्या वहीत त्या कोऱ्या पानावर मी नंतर हे एक वाक्य लिहिलं. तेवढंच.

दोन्ही आदेश मी मागं घेतले. बारामतीला पत्र पाठवलं की तात्यांना दिलेला मेमो चुकीचा होता, उशीर त्यांनी केला नव्हता, चूक माझी होती. पत्राची पोच आली. पण सरकारी फायलीत गेलेला कागद बाहेर निघत नाही. दुसरा कागद त्याच्या मागं लागतो इतकंच. पुढच्या वर्षी तात्यांच्या बढतीच्या वेळी कुणीतरी फाईल उघडली, मेमो वर दिसला, पत्रापर्यंत पान उलटलं गेलं नाही. मी दोनदा बारामतीला जाऊन भांडून आलो. उपयोग झाला नाही. तात्या ऑपरेटर म्हणून लागले आणि ऑपरेटर म्हणूनच निवृत्त झाले. मला मात्र वेळेवर बढत्या मिळत गेल्या.

पडवीतल्या त्या सकाळनंतर काही दिवसांनी एका मोठ्या दुरुस्तीचं परमिट मी माझ्या नावावर घ्यायचं ठरवलं. उपकेंद्रात गेलो. तात्यांनी लाइन मारली, वहीत माझं नाव लिहिलं आणि हात पुढं केला. मी तंबाखू खात नाही. खिशातलं पेन काढून दिलं.

त्यांनी ते उलटंपालटं करून परत दिलं. “पेन न्हाय चालत, साहेब. पेन दुसरं मिळतं. ज्ये घ्यायला तुमी सोता याल असं काय तरी द्या.”

मी मनगटावरचं घड्याळ सोडलं. “वडिलांचं आहे, तात्या,” मी म्हणालो. त्यांना तोंडावर तात्या म्हणायची ती पहिलीच वेळ. त्यांनी घड्याळ कानाशी धरून ऐकलं, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि हँडलवरच्या पट्टीवर ठेवलं. “ह्ये चालंल,” ते म्हणाले.

खांबापाशी पोचलो. बापूराव वर चढले, मी खाली साखळीजवळ उभा राहिलो. बऱ्याच वेळानं सवयीनं मनगट वळवून पाहिलं. तिथं पट्ट्याचा पांढरा वळ होता.

“साहेब,” वरून बापूराव ओरडले, “अजून टाइम लागंल!”

“लागू द्या,” मी म्हणालो.